वैशाखातले बदकतळे आणि बाग : वाचकांचे प्रश्न

फेब्रुवारीच्या अंकात आमच्या कृषी पर्यटन केंद्रातील बदकतळ्याची आणि बागेची माहिती प्रसिद्ध झाल्यावर पत्रांची थप्पी आली, आणि त्यांतील बहुतेक पत्रे उन्हाळ्याबद्दलची निघाली. हे स्वाभाविकच आहे. शाळांना सुट्या लागतात, पुण्या-मुंबईची नातवंडे गावी येतात, आणि नेमका त्याच काळात सेलू तालुक्यातील आमच्या माळावर पारा ४५ अंशांच्या आसपास घुटमळत असतो. निवडक पत्रांची उत्तरे येथे देत आहे. पत्रलेखकांची नावे न छापता केवळ गावे दिली आहेत.

प्रश्न (पुलगाव) : मागील वर्षी मे महिन्यात उन्हाळी शिबिरातील ३२ मुलांना घेऊन आम्ही आपल्याकडे आलो. पोहोचेपर्यंत साडेअकरा वाजले होते. तळ्यात एकही बदक नव्हते. झाडाखाली काही पांढरे ढीग दिसले, तेवढेच. मुले हिरमुसली. प्रवेशशुल्क घेऊन बदके न दाखवणे योग्य आहे का?

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे. दूरध्वनीवरून नोंदणी घेताना पोहोचण्याची वेळ विचारणे आणि साडेअकरा ही वेळ उपयोगाची नसल्याचे सांगणे हे आमचे काम होते. ते झाले नाही, याबद्दल मी दिलगीर आहे. बदकांची बाजू मात्र मांडली पाहिजे.

पक्ष्याच्या शरीराचे तापमान माणसापेक्षा अधिक, म्हणजे साधारण ४१ ते ४२ अंश असते, आणि त्याला घामाच्या ग्रंथी नसतात. बदक अंगातील उष्णता चोच आणि पाय या पिसे नसलेल्या भागांतून बाहेर टाकते, आणि तेवढ्याने भागले नाही तर चोच उघडून धापा टाकते, म्हणजे श्वासावाटे वाफ सोडून अंग थंड करते. चैत्रापर्यंत हे दोन्ही मार्ग नीट चालतात. हवाच ४४-४५ अंशांवर गेली की पहिला मार्ग बंद होतो, कारण बाहेरची हवा अंगापेक्षा गरम असताना अंगातली उष्णता जाणार कुठे? मग उरतो तो वाफेचा मार्ग, आणि तो आपल्या घरच्या कूलरसारखाच आहे : हवा कोरडी असेल तोवर उत्तम चालतो, दमट झाली की निकामी ठरतो. त्यामुळेच आमचा अनुभव असा आहे की, नवतप्यातील कोरड्या झळांपेक्षा मृगाच्या तोंडावर, आभाळ भरून येते पण पाऊस पडत नाही अशा चार-आठ दिवसांत, बदके अधिक हैराण होतात. पाहुण्यांना याचे नवल वाटते, कारण तोवर पारा थोडा उतरलेला असतो.

आता दुपारी बदक पाण्यात का उतरत नाही, ते सांगतो. उथळ तळ्याचा वरचा थर दुपारपर्यंत कोमट होतो आणि उघड्या पाण्यावर डोक्याला सावली नसते. त्यापेक्षा काठावरच्या करंजाखालची ओली माती बदकाला बरी वाटते. करंज उन्हाळ्याच्या तोंडावर नवी पालवी घेतो, त्यामुळे इतर झाडे ओकीबोकी असतात तेव्हा त्याची सावली दाट असते. तेथे पोट चिखलाला टेकवून आणि मान पाठीवर वळवून पिसांत खुपसून बदक तीन-चार तास निमूटपणे काढते. आपल्या मुलांना दिसलेले पांढरे ढीग ते हेच. त्यांना हुसकावून पाण्यात उतरवणे सोपे होते, आणि काही ठिकाणी पाहुण्यांसाठी तसे केलेही जाते. परंतु अशा उन्हात धावाधाव केलेले बदक संध्याकाळपर्यंत मरू शकते, म्हणून आम्ही ते करत नाही.

एप्रिल आणि मे महिन्यांत सकाळी ६ ते ९ आणि सायंकाळी साडेपाचनंतर यावे. पहाटे येणाऱ्या मुलांचा आणखी एक फायदा असा की, बदके रात्री उशिरा ते सकाळपर्यंत अंडी घालतात आणि घरट्यात घालतीलच असे नसते, त्यामुळे पेंढ्यात, कुंपणाशी, कधी तळ्याच्या काठावरच्या गाळात अंडी शोधण्याचे काम आम्ही मुलांवर सोपवतो. यंदापासून ११ ते ४ या वेळेत तळ्याची बाजू बंद राहील आणि पाहुण्यांची व्यवस्था आमराईत केली जाईल. शिबिराची मुले पुन्हा आणल्यास त्यांच्याकडून शुल्क घेतले जाणार नाही.

प्रश्न (वरूड) : दिवाळीत आपल्याकडे हिरव्याकंच मानेचा नर बदक पाहिला होता. जूनमध्ये पुन्हा आलो तेव्हा त्या जागी एक तपकिरी, विस्कटलेला पक्षी होता, आणि हा तोच असल्याचे आपल्या कामगाराने सांगितले. माझ्या नातवाचा त्यावर विश्वास बसलेला नाही. खरे सांगायचे तर माझाही नाही.

उत्तर : ताई, कामगार खरे तेच बोलत होता. मस्कोव्ही ही एक जात सोडली तर जगातील बहुतेक सर्व पाळीव बदके मॅलार्ड या रानबदकापासून आलेली आहेत, आणि मॅलार्डचा नर विणीचा हंगाम संपला की आपली हिरवी मान उतरवून ठेवतो. या काळात त्याच्या पंखांतील उडण्याची सर्व पिसे जवळजवळ एकदमच गळतात आणि तीन-चार आठवडे त्याला उडता येत नाही. उडता येत नसताना झळकणारी मान घेऊन फिरणे जिवावर बेतणारे असते, म्हणून तो मादीसारखा मळकट वेश धारण करून गवतात दबून राहतो. आमच्या बदकांना एरवीही फारसे उडता येत नाही आणि येथे त्यांना कोल्ह्याचे भय नाही, परंतु वंशाची सवय सुटलेली नाही. नवी पिसे म्हणजे बव्हंशी प्रथिनच असल्यामुळे त्या दिवसांत आम्ही खाद्यात सोयाबीनची पेंड आणि अझोला ही पाणवनस्पती वाढवतो, आणि पक्ष्यांना हाताळणे टाळतो, कारण उगवत्या पिसाच्या देठात रक्त असते आणि ते दुखावते.

नातवाची खात्री पटवायची असेल तर त्याला आवाज ऐकायला सांगावा. मोठ्याने, ठसक्यात ओरडते ती मादी असते. नराचा आवाज वेश बदलला तरी घोगराच राहतो. दसऱ्यानंतर आलात तर हिरवी मानही परतलेली दिसेल.

प्रश्न (आर्वी, इयत्ता पाचवी) : काका, तुमच्या फलकावर ‘पाव, चिवडा, चिप्स टाकू नयेत’ असे लिहिले आहे. पण बदके पाव पटापट खातात. मग का नाही टाकायचा?

उत्तर : बाळा, चिप्स तूही पटापट खात असशील, आणि आई तरीही डबा लपवत असेल. पावाने बदकाचे पोट भरते पण पोषण होत नाही, आणि उरलेला पाव उन्हात तासाभरात पाणी आंबवू लागतो. पुढच्या वेळी फाटकाजवळ ज्वारीची वाटी माग, ती आम्ही देतो. सोबत घरून टरबुजाच्या साली आणल्यास, त्यांचा आतला गर बारीक कापून टाकता येईल. दाणे पाण्याच्या काठाशी टाक, कारण बदकाला घास गिळताना पाणी लागते. कोरडे दाणे घशाशी अडकतात.

प्रश्न (चांदूर बाजार) : माझी चार एकर संत्र्याची बाग आहे. आपल्याप्रमाणे तेथे पाहुण्यांसाठी बदके सोडण्याचा विचार आहे. बदके बागेतील गवत आणि किडे खातात, म्हणजे दुहेरी लाभ होईल असे ऐकले आहे. आपले मत काय?

उत्तर : ऐकलेले अर्धे खरे आहे. बदक गोगलगायी, अळ्या आणि कोवळे गवत आवडीने खाते, आणि केळी, पपई किंवा भाताच्या बांध्यांत त्याचा उपयोगही होतो. संत्र्याच्या बागेत मात्र, आणि त्यातही उन्हाळ्यात, मला धोका दिसतो.

आपण मृग बहार घेत असाल तर एप्रिल-मे हा बाग ताणावर सोडण्याचा काळ आहे. हलक्या जमिनीत साधारण महिनाभर आणि भारी काळ्या जमिनीत त्याहून अधिक काळ पाणी तोडावे लागते, पाने पिवळसर पडून कोमेजू लागतात, आणि मग मृगाच्या पावसाबरोबर झाड फुलावर येते. शहरातील पाहुण्यांना अशी बाग वाळत चालल्यासारखी वाटते. माझ्या एका शेजाऱ्याला तर पाहुण्यांनी, झाडांना पाणी घालत नाही म्हणून चार शब्द सुनावले होते. अशा बागेत बदकांसाठी टाके किंवा तळे केले तर पाझर आणि सांडलेले पाणी जवळच्या झाडांचा ताण मोडते, आणि ती झाडे अवेळी, तुटक फुलतात. अंबिया बहार घेत असाल तर उन्हाळ्यात झाडावर वाढती फळे असतात आणि पाणी चालूच असते, त्यामुळे ही अडचण येत नाही. तेथे दुसरी येते. बदक ठिबकच्या नळीखालची ओली माती चोचीने उकरून खळगे करते, त्यांत पाणी साचते आणि ते बुंध्याला लागते. संत्र्याच्या बुंध्याला पाणी लागणे म्हणजे डिंक्याला, बुंध्यातून डिंक गळण्याच्या रोगाला, आमंत्रण देणे होय, हे आपल्या भागातील बागायतदाराला सांगण्याची गरज नाही. त्यामागची फायटोप्थोरा ही बुरशी ओलीतूनच एका झाडाकडून दुसऱ्याकडे जाते. दुहेरी आळे करणे आणि बुंध्याला बोर्डो मलम लावणे हे सारे ती टाळण्यासाठीच तर आपण करतो.

माझा सल्ला असा आहे की, तळे बागेबाहेर, उताराच्या खालच्या अंगाला करावे, भोवती अडीच-तीन फुटांची जाळी लावावी आणि तळ्याचे पाणी केळी, पपई किंवा चाऱ्याच्या गवताला सोडावे. बदकांच्या विष्ठेमुळे या पाण्यात नत्र भरपूर असते. मात्र कोथिंबीर, पालक, काकडी अशा पिकांवर ते सोडू नये, कारण त्यात साल्मोनेलासारखे जंतू असू शकतात. पाहुण्यांना संत्र्याच्या बागेत अवश्य न्यावे, पण ताणाचे कारण समजावून सांगणारा एक फलक आधी लावावा. माझ्या मते बदकांपेक्षा त्या फलकाकडेच पाहुणे अधिक वेळ थांबतील.

प्रश्न (साकोली) : आपल्या लेखातील छायाचित्रात मे महिन्यातही बाग फुललेली दिसते. आमच्या सांदवाडीतील सर्व काही होळीनंतर करपून जाते. आपण काय लावता?

उत्तर : छायाचित्र सकाळी सातला काढलेले होते, ही गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे; दुपारी दोन वाजता आमचीही बाग मान टाकून असते. आम्ही हंगामी विलायती फुलांचा नाद सोडून दिला आहे, कारण पेटुनिया आणि डेलिया होळीनंतर टिकवण्यासाठी लागणारे पाणी आमच्यापाशी नाही. ऐन उन्हाळ्यात फुलणारी झाडे आपल्याकडे भरपूर आहेत. पिवळ्या झुंबरांचा बहावा आहे, महाराष्ट्राचे राज्यपुष्प असलेले जांभळे तामण आहे, आणि भिंतीवर बोगनवेल आहे, जिला पाणी कमी दिले की फूल जास्त येते. मोगरा आणि सदाफुली कुंडीतही निभावतात. पाण्याच्या वाटेवर आम्ही कर्दळ आणि वाळा लावला आहे. तळ्यातून निघणारे गढूळ पाणी त्यांच्या मुळांतून जाताना बरेचसे निवळते, आणि वाळ्याची मुळे पुढे माठात टाकायला होतात. कण्हेर काटक असली तरी तिचे सर्व भाग विषारी असल्यामुळे बदकांच्या आणि लहान मुलांच्या वाटेवर ती आम्ही लावत नाही. आपल्या सांदवाडीत असल्यास कोपऱ्यात, पोरांच्या हाताबाहेर असू द्यावी.

बाकी सारे आच्छादनावर अवलंबून आहे. झाडाच्या बुंध्यापासून थोडे अंतर सोडून चार बोटे जाडीचा सोयाबीनच्या कुटाराचा थर द्यावा, आणि मोठ्या झाडाशेजारी तळाला बारीक छिद्र पाडून वात घातलेला मातीचा माठ पुरून संध्याकाळी भरावा. वाळवी लागते, ही कुटाराबद्दलची तक्रार खरी आहे. थर अधूनमधून हलवत राहण्याखेरीज त्यावर माझ्यापाशी उपाय नाही.

प्रश्न (अर्जुनी मोरगाव) : आमच्या बोडीत (लहान तळ्यात) १४ बदके होती. मागील मे महिन्यात बोडी आटत आली आणि आठवडाभरात ९ बदके दगावली. आधी पाय लुळे पडत, मग मान जमिनीला टेके. अंगावर जखम नव्हती. कोणी म्हणाले उन्हाने, कोणी म्हणाले करणीने. यंदा काय करावे?

उत्तर : करणीचा विचार मनातून काढून टाकावा. आपण केलेले वर्णन बोट्युलिझम या विषबाधेशी जुळते, तरी पत्रावरून निदान करणे योग्य नाही, कारण बदकांचा प्लेग, बर्ड फ्लू आणि बुरशी लागलेल्या पेंडीतील अफ्लाटॉक्सिन यांनीही बदके पटापट मरतात. अफ्लाटॉक्सिनचा शोधच १९६० साली इंग्लंडमध्ये बुरशी लागलेल्या शेंगदाणा पेंडीने एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेल्यावर लागला, आणि बदकांची पिल्ले त्या विषाला फार लवकर बळी पडतात. त्यामुळे उन्हाळ्यात ओलसर, जाळे धरलेली पेंड कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

बोट्युलिझमचे जंतू गाळात सुप्तावस्थेत असतात. बोडी आटू लागली की उथळ पाणी तापते, त्यातील मासे, किडे आणि वनस्पती मरून सडतात, प्राणवायू संपतो, आणि अशा ठिकाणी हे जंतू वाढून विष तयार करतात. बदक गाळ चाळत ते गिळते आणि त्याचे स्नायू लुळे पडतात. मान उचलता येत नाही म्हणून बरीच बदके प्रत्यक्षात त्या वीतभर पाण्यात बुडून मरतात. यापुढची गोष्ट सर्वांत वाईट आहे : मेलेल्या बदकावर जे किडे पडतात त्यांच्या अंगात ते विष साठते, किड्यांना काही होत नाही, आणि जिवंत बदके ते किडे वेचून खातात. आपल्याकडे एकापाठोपाठ एक बदके गेली, त्याचे कारण हे असण्याची शक्यता मोठी आहे.

यंदा बोडीत गुडघ्याच्या खाली पाणी उतरले की बदकांना तेथून हलवावे, आणि घराजवळ सावलीत टबांतून रोज बदललेले पाणी द्यावे. एखादे मेलेच तर उघड्या हाताने न उचलता, त्याच दिवशी चुना टाकून खोल पुरावे. ते खाऊ नये आणि कुत्र्यांपुढेही टाकू नये. दोन किंवा अधिक बदके एकदम मेली तर पुरण्याआधी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. १९६२ हा शासनाचा पशुधनासाठीचा निःशुल्क क्रमांक आहे. बर्ड फ्लूची शंका आल्यास नमुने भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत तपासले जातात. आपल्या भागात तलाव पुष्कळ आणि त्यांवर रानबदकेही उतरतात, त्यामुळे ही शंका उगाच समजू नये.

प्रश्न (दारव्हा) : कोंबडीखाली बदकाची १० अंडी ठेवली होती. २१ दिवस झाले, २३ झाले, पिल्लू निघेना, म्हणून वांझ समजून अंडी उकिरड्यावर टाकली. सासूबाई म्हणतात की मी घाई केली. खरे काय?

उत्तर : सासूबाईंचे बरोबर आहे. कोंबडीचे अंडे २१ दिवसांत फुटते, बदकाचे २८ दिवसांत, आणि मस्कोव्हीचे तर ३५ दिवसांत. शिवाय कोंबडी कोरड्या अंगाने उबवते आणि बदकी पाण्यातून ओल्या अंगाने येऊन बसते, त्यामुळे कोंबडीखालच्या बदकाच्या अंड्यांवर शेवटच्या आठवड्यात रोज कोमट पाण्याचा हात फिरवावा. उन्हाळ्यात अंडी गोळा करून ठेवायची असल्यास माठाशेजारी, थंड जागी ठेवावीत आणि आठवड्याच्या आत बसवावीत, कारण गरम खोलीत अंड्यातील गर्भ अर्धवट वाढू लागतो आणि मरतो. पिल्ले निघाल्यावर ती पाण्याकडे धावतील आणि कोंबडी काठावर आकांत करील. तिचा आकांत अगदीच व्यर्थ नसतो, कारण बदकीच्या पिसांचे तेल न लागलेली पिल्ले भिजून गारठू शकतात. पहिले तीन-चार आठवडे त्यांना उथळ ताटलीतच पाणी द्यावे.

प्रश्न (नागपूर) : हिवाळ्यात नवेगाव बांधला पाहिलेली रानबदके उन्हाळ्यात आपल्या तळ्यावर येतात का?

उत्तर : नाही. तलवार बदक, लालसरी आणि चक्रवाक मार्च-एप्रिलपर्यंत उत्तरेकडे निघून जातात. उन्हाळ्यात मागे राहतात ती अडई आणि हळदी-कुंकू बदके, आणि तीही आमच्या मुठीएवढ्या तळ्यापेक्षा मोठ्या तलावांवर राहतात. आमच्याकडे क्वचित कोणी उतरलेच तर पाळीव पक्ष्यांना रोग लागू नये म्हणून आम्ही त्याला उडवून लावतो.

प्रश्न (देऊळगाव राजा) : आमच्या गावात मार्चपासून टँकर सुरू होतो. बायाबापड्या हंडे घेऊन रांगेत असताना पाहुण्यांच्या करमणुकीसाठी बदके पोहवणे आपल्या मनाला पटते का?

उत्तर : हा प्रश्न मी स्वतःलाही दर वर्षी विचारतो, म्हणून हिशेबच मांडतो. आमचे तळे ४० फूट लांब आणि २५ फूट रुंद आहे. त्यात रोवलेल्या खुणेच्या काठीवर मे महिन्यात दिवसाला सुमारे एक सेंटीमीटर पाणी उतरते, म्हणजे रोज जवळपास ९०० लिटर पाणी नुसते हवेत जाते. उरलेले पाणी वाया जात नाही. विहिरीतून बागेला जे पाणी एरवीही द्यावे लागते तेच आधी तळ्यात आणि मग केळीला जाते. तेव्हा पाहुण्यांच्या करमणुकीची खरी किंमत म्हणजे ते ९०० लिटर. अर्ध्या तळ्यावर हिरवी जाळी टाकल्यापासून ते काहीसे कमी झाले आहे, पण शून्य होणार नाही.

दुसरी बाजू अशी की, जगण्यासाठी बदकाला पोहण्याची गरज नसते. चोच, नाकपुड्या आणि डोळे धुण्यापुरते डोके बुडेल एवढे खोल पाणी मिळाले की त्याचे भागते. त्यामुळे आम्ही विहिरीच्या आतल्या बाजूने लाल रंगाची एक रेघ ओढून ठेवली आहे. पाणी त्या रेघेखाली गेले की तळे भरणे बंद होते, बदके करंजाखाली पंधरा-पंधरा लिटरच्या सहा घमेल्यांवर येतात, आणि फाटकावर ‘तळे कोरडे आहे, प्रवेश निःशुल्क’ अशी पाटी लागते. गेल्या वर्षी ती पाटी १९ मे रोजी लागली आणि २३ जूनला उतरली. त्या काळात आलेल्या पाहुण्यांपैकी काही जण फाटकावरूनच परतले, आणि बाकीचे घमेल्यात डोके खुपसून पाठीवर पाणी उडवणारी बदके पाहत आमराईत बसून राहिले.